फ्यूज केव्हा उडाला?

बारडोलीहून व्याऱ्याकडे जाणारा रस्ता ज्यांनी जानेवारीच्या पहाटे पाहिला आहे, त्यांना धुके म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. दोन्ही अंगांस उसाचे फड, त्यांतून वाहणारे कालव्याचे पाणी, आणि रात्रभर ओल्या जमिनीवर साचून राहिलेला गारठा. उजाडण्याच्या आधी हे सारे एक होऊन रस्त्यावर असे काही उतरते की, मोटारीत बसलेल्या माणसास आपल्याच गाडीचे नाक दिसेनासे व्हावे. अशा वेळी मनुष्य काच खाली करून कानांनी गाडी चालवू लागतो. आम्हीही ते केले आहे.

या रस्त्याने आमची ये-जा बरीच. आमची गावे नवापूर तालुक्यातील, आणि आमच्या गावांतील तरुण मुले निम्मी सुरतेला. सुरतेच्या दक्षिणेस पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून बमरोली आहे. नावापुरते ते गाव. तेथे आता शेताचा बांध शोधून सापडावयाचा नाही. लूमच्या खात्यांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो, आणि गल्लीत उभे राहिले तर एका दारातून अहिराणी, दुसऱ्यातून उडिया व तिसऱ्यातून भोजपुरी ऐकू येते. खानदेशातील माणूस उधन्याच्या स्टेशनावर उतरतो आणि पांडेसरा, बमरोली, लिंबायत या भागांत आपल्या भावकीच्या आसऱ्याने राहतो, हा क्रम पिढ्यान् पिढ्यांचा झाला आहे. आमची काही कुटुंबे तेथे असल्यामुळे हिवाळ्यात दोन-तीन वेळा तरी आमची तिकडे फेरी होते.

दोन हिवाळ्यांपूर्वी या रस्त्यावर आमच्या हातून एक अनर्थ होता होता टळला. मढीच्या अलीकडे धुक्यात एकाएकी पुढे काळोखाचा एक ढीग उभा राहिला. ब्रेक दाबून गाडी थांबविली तेव्हा तो ढीग आमच्यापासून हातभर अंतरावर होता. ती उसाने भरलेली बैलगाडी होती. मागे ना कंदील, ना लाल काच. गाडीवानाने मागे वळून पाहिले व आमची भाषा ऐकून तो हसला. तो आमच्याच शेजारच्या गावचा निघाला! बारडोली, मढी, चलथाण येथील साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयास डांग, नवापूर, साक्री या भागांतून कोयते येतात, म्हणजे नवरा-बायकोची जोडी येते, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांना घरचे ठाऊक आहे. त्या दिवशी आमच्या चाकाखाली आले असते ते आमच्याच घरचे माणूस.

त्या प्रसंगानंतर आम्ही ठरविले की गाडीला चांगले जोरदार फॉग लाइट बसवावयाचे. होते ते दिवे मूळच्या गाडीबरोबर आलेले, ५५ वॉटचे. सुरतेत एका दुकानदाराने १०० वॉटचे दोन बल्ब व त्यांना साजेसे मोठे दिवे दाखविले. भिंतीवर प्रकाश पाडून दाखविला तेव्हा आमचे डोळेच दिपले. आम्ही भाळलो. जवळच्याच गॅरेजातील मुलाने तासाभरात जुने दिवे काढून नवे बसविले, आणि आम्ही त्याच रात्री घरी निघालो.

कडोदऱ्याच्या पुढे, दिवे लावून वीसेक मिनिटे झाली असतील नसतील, तोच ते विझले. फ्यूज गेला होता. सकाळी नवा घातला. पुढच्या फेरीत तोही तसाच गेला. तिसरा एका गतिरोधकावर गाडी आदळताच गेला. चौथ्याचे आम्हांस स्मरणही नाही. पंधरवड्यात चार फ्यूज! आम्ही त्या गॅरेजात जाऊन थोड्या चिडक्या स्वरानेच म्हणालो, ‘बाबा, काही कर, पण हा फ्यूज पुन्हा उडता कामा नये.’ मुलगा मनाने चांगला, कामाला तत्पर. त्याने डबी उघडली, १५ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा घातला आणि म्हणाला, ‘आता नाही उडणार, फादर.’ आणि खरोखरच तो उडाला नाही. आम्ही जे मागितले होते ते त्याने तंतोतंत दिले होते.

येथे फ्यूजविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. पूर्वीच्या मोटारींत काचेच्या नळीतले किंवा चिनी मातीच्या तुकड्यावर पट्टी बसविलेले फ्यूज असत. आता बहुतेक गाड्यांत दोन चपट्या पायांचे प्लॅस्टिकचे फ्यूज असतात. त्यांचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. ज्याला आकडा वाचता येत नाही त्यालाही रंग कळावा, ही त्यातील सोय. पोटात एक बारीक पट्टी असते. ठरलेल्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की ती तापून वितळते आणि वाट तुटते. आपण म्हणतो फ्यूज ‘उडाला’, जणू काही पाखरूच ते. सेमिनरीत रडतखडत शिकलेल्या आमच्या लॅटिनमध्ये वितळविणे, ओतणे या अर्थाचे एक क्रियापद आहे. फ्यूज हा शब्द त्यातूनच आला. तो उडत नाही, वितळतो. ही गोष्ट आमच्या शब्दज्ञानात होती, पण आमच्या गाडीत मात्र ती पोचली नव्हती.

मागील हिवाळ्यातील गोष्ट. बमरोलीला राहणाऱ्या आमच्या एका तरुणाची आई डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सुरतेस आली होती. मोतीबिंदू निघाला, आठवडा लेकाकडे काढला, पण म्हातारीचा जीव घरच्या कोंबड्यांत अडकलेला. आम्ही तिकडे गेलोच होतो, तेव्हा पहाटे चारला आमच्याच गाडीतून तिला, मुलाला व सुनेला घेऊन निघालो. बारडोली ओलांडली आणि धुके लागले. आम्ही मोठ्या दिमाखात नवे दिवे लावले.

काही वेळाने मागून म्हातारी म्हणाली, ‘फादर, काहीतरी जळतंय बघा.’

आम्ही म्हणालो, ‘आजी, रात्री कोणी फडातले पाचट पेटविले असेल. त्याचाच वास.’

वास येत होता खरा. आणि त्या मुलखात पाचटाच्या धुराचा वास नवा नव्हे. आम्ही तसेच पुढे गेलो. पुन्हा ती म्हणाली, ‘पाचटाचा वास मला नाही का कळत? जन्म गेला माझा फडात. हे रबर जळतंय.’ डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेल्या त्या माउलीस जे कळत होते ते उघड्या डोळ्यांच्या आम्हांस कळेना. आणखी अर्धा मैल गेलो असू, तेव्हा डॅशबोर्डच्या फटीतून धूर येऊ लागला.

गाडी कडेला घेतली. फॉग लाइटचा स्विच बंद केला, तो काय आश्चर्य! दिवे विझेनात. स्विच हातात मऊ लागत होता. आतले प्लॅस्टिक वितळून त्याचे तोंड एकमेकांस चिकटले होते. आमचे हातपाय गळाले, हे कबूल करण्यात संकोच वाटत नाही. सुनेने सासूला हात धरून खाली उतरविले व रस्त्यापासून दूर, शेताच्या बांधावर नेऊन बसविले. मुलगा लूमवर काम करणारा; त्याच्या खिशात पाना होता म्हणून निभावले. त्याने बॉनेट उघडून अंदाजाने बॅटरीची काळी वायर सोडविली. तेव्हा कोठे दिवे गेले, आणि थोड्या वेळाने धूरही थांबला.

उजाडेपर्यंत आम्ही चौघे बांधावर बसून राहिलो. शाल एकच होती, ती म्हातारीला दिली. धुक्यातून ट्रक जात होते, आणि आमची काळोखात उभी असलेली गाडी त्यांतील एखाद्यास दिसली नाही तर काय, या विचाराने मुलगा हातातला मोबाइलचा दिवा हालवीत मागे जाऊन उभा राहिला होता. उजाडल्यावर आम्ही फ्यूजची डबी उघडली. हिरवा फ्यूज अगदी धडधाकट होता. आत स्विच वितळला, वायर जळाली, आणि ज्याने मरावयाचे तो मात्र ठणठणीत! तो काढून खिशात घातला, बॅटरी जोडली आणि दिवसाउजेडी सावकाश घरी आलो.

मुलाने सांगितले, ‘फादर, गाडी पुन्हा गॅरेजात नेऊ नका. आमच्या गल्लीत आप्पा आहेत, त्यांना दाखवू.’

हे आप्पा मूळचे अमळनेरकडचे, सत्तरी उलटलेली. लूमच्या खात्यांत वायरमन म्हणून त्यांचा जन्म गेला. आता ओट्यावर बसून शेजाऱ्यांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. पुढल्या आठवड्यात एका दुपारी आम्ही गाडी बमरोलीला त्यांच्या दारात उभी केली. आम्ही सारी हकीकत सांगावयास लागलो तो त्यांनी हात वर केला.

‘फादर, किती फ्यूज गेले ते मला नको. केव्हा गेले ते सांगा.’

आम्ही म्हणालो, ‘पंधरवड्यात चार.’

‘तसं नाही. बटण दाबल्याबरोबर गेला, का थोडा वेळ चालून गेला, का खड्ड्यात गेला? ताप केव्हा चढतो हे डॉक्टर विचारतो की नाही?’

मग आम्हांस आठवून आठवून सांगावे लागले. पहिला वीस मिनिटांनी, दुसराही तसाच, तिसरा गतिरोधकावर. आप्पांनी मान हालविली व म्हणाले, ‘म्हणजे आजार दोन आहेत.’

त्यांचे म्हणणे असे. बटण दाबताक्षणीच फ्यूज जातो तेव्हा कोठेतरी वायर उघडी पडून गाडीच्या लोखंडाला भिडलेली असते, म्हणजे सरळ शॉर्ट. बराच वेळ चालून जातो तेव्हा शॉर्ट नसतो, भार जास्त झालेला असतो; पट्टी हळूहळू तापते आणि शेवटी हात टेकते. आणि जो धक्क्याने किंवा पावसात जातो, त्याच्या वायरीचे कातडे कोठेतरी सोलले गेले आहे असे समजावे. फ्यूज मेल्यावर त्याचे तोंड पाहिले तरी खूण पटते: शॉर्टने गेलेल्याची खिडकी बहुधा काळी होते, भाराने गेलेल्याची पट्टी नुसतीच मधून वितळून तुटलेली दिसते. आम्ही चारही फ्यूज फेकून दिले होते. आप्पांनी त्याबद्दल आम्हांस जो कटाक्ष दिला तो आम्ही विसरलेलो नाही.

भाराचा हिशेब त्यांनी ओट्यावर खडूने मांडला. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. जुने दोन दिवे ५५-५५ वॉटचे, एकूण ११०. भागाकार सुमारे ९. म्हणून कंपनीने १५चा फ्यूज दिला होता, थोडी मोकळीक ठेवून. नवे दिवे १०० वॉटचे, एकूण २००. भागाकार जवळजवळ १७. शिवाय इंजिन चालू असता व्होल्ट १४च्या आसपास जातात, तेव्हा वीज याहूनही थोडी अधिक वाहते. ‘१५च्या दारातून १८ माणसं रोज ढकलली तर दार मोडणारच की,’ आप्पा म्हणाले.

आम्ही विचारले, ‘मग ३०चे दार केले त्यात चुकले काय?’

‘दार मोठं केलं, पण आतली गल्ली तेवढीच ना?’ असे म्हणून त्यांनी स्विचमागची जळकी वायर ओढून आमच्या हातात दिली. बोटाने दाबताच तिचे प्लॅस्टिक कोळशासारखे गळून पडले. ‘फ्यूज दिव्यासाठी नसतो, फादर. तो या वायरीसाठी असतो. वायर सोसेल तेवढाच फ्यूज. वायर बारीक आणि फ्यूज मोठा केला, तर मग वायरच फ्यूज होते. फक्त ती डबीत वितळत नाही, तुमच्या गुडघ्यापाशी वितळते.’

शाळेत विज्ञानाच्या तासाला हे आम्हांस कोणी शिकविले नसेल असे नाही. पण ओट्यावर खडूने लिहिलेले ते गणित व हातातील ती काळी वायर यांनी जे शिकविले ते पुस्तकाने शिकविले नव्हते.

गाडी बरी करण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. दिव्यांची वीज आता स्विचातून न्यावयाचीच नाही, असे त्यांनी ठरविले. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर काढली, बॅटरीच्या अगदी शेजारी फ्यूज बसविला आणि मध्ये एक रिले टाकला. रिले म्हणजे विजेने चालणारे बटण. त्याच्या पायांवर आकडे असतात: ३०वर बॅटरीकडून वीज येते, ८७मधून ती दिव्यांकडे जाते, आणि ८५ व ८६ या दोन पायांना डॅशबोर्डावरील छोटा स्विच जोडतात. हा स्विच आता फक्त रिलेतील लोहचुंबक जागा करतो. त्यातून अर्धा अँपिअरही जात नाही. लूमच्या मोटारीचे मोठे स्टार्टर याच रीतीने चालतात, असे आप्पा म्हणाले. फ्यूज बॅटरीशेजारीच का, हेही त्यांनी सांगितले: फ्यूजच्या आधीची वायर निराधार असते, ती जितकी आखूड तितके बरे. जाड वायरीला शोभेल असा त्यांनी २०चा पिवळा फ्यूज घातला, बंपर पुन्हा आवळला आणि आम्हांस म्हणाले, ‘दाबा बटण.’

आम्ही बटण दाबले. दिवे लागलेच नाहीत. फ्यूज तत्क्षणी गेला.

भोवती गल्लीतील पोरे जमली होती, ती हसली. आप्पांचा नातू आयटीआयमध्ये शिकतो. तो म्हणाला, ‘आप्पा, २५चा लावून बघू का?’ आप्पांनी उत्तर दिले नाही. नुसते त्याच्याकडे पाहिले. पोरगा गप्प झाला. मनातल्या मनात आम्हीही तेच म्हणणार होतो, हे येथे नमूद करतो. जळकी वायर हाती धरून अर्धा तासही झाला नव्हता!

‘हा दुसरा आजार,’ आप्पा म्हणाले. ‘गतिरोधकावरचा.’

घरातून त्यांनी एक जुना बल्ब आणला. मोटारीच्या वळणाच्या दिव्याचा, २१ वॉटचा. त्याला दोन वायरी डागून ठेवलेल्या. फ्यूज काढून त्याच्या जागी या दोन वायरी त्यांनी खोचल्या. मग दोन्ही फॉग लाइटचे प्लग सोडविले व बटण दाबावयास सांगितले. बल्ब लख्ख पेटला.

‘दिवे सोडलेले आहेत. मग वीज जाते कुठे?’ ते म्हणाले. ‘हा जोवर पेटतो तोवर चोर घरात आहे.’

ही युक्ती आम्हांस इतकी आवडली की ती वाचकांना समजावून सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्यूज घालून शोध घ्यावयाचा म्हणजे दर वेळी एक फ्यूज मरतो, आणि चोर सापडतच नाही. बल्ब मात्र मरत नाही. तो स्वतःपुरती पावणेदोन-दोन अँपिअर वीज जाऊ देतो, त्याहून अधिक नाही. त्यामुळे वायरीला धोका नाही, आणि शॉर्ट असेतो तो पेटून राहतो. मग एकाने बल्बाकडे डोळे लावून बसावे व दुसऱ्याने वायर वीतवीतभर हालवीत जावे. नातू गाडीखाली शिरला. रिलेपासून वायर हालविली, बल्ब तसाच. रेडिएटरच्या बाजूने हालविली, तसाच. बंपरच्या मागे उजव्या दिव्याच्या पट्टीपाशी हात गेला आणि बल्बाने डोळा मिचकावला. ‘तिथंच!’ आम्ही पोरांसारखे ओरडलो.

पट्टीचा स्क्रू सैल करताच बल्ब विझला. नवे दिवे जुन्यांहून मोठे. त्यांची पट्टी बसविताना जुन्या वायरीचा वीतभर तुकडा तिच्याखाली दाबला गेला होता, आणि स्क्रूच्या टोकाने तिचे कातडे चिरले होते. गाडी आदळली की तांब्याचे दोन-चार तंतू लोखंडाला शिवत. म्हणूनच तिसरा फ्यूज गतिरोधकावर गेला. पुढे हिरवा फ्यूज आल्यावर हीच गळती चालू राहिली असावी, आणि दिव्यांचा भार व ही गळती मिळून त्या रात्री स्विच वितळला असावा, असा आप्पांचा तर्क. आज बंपर घट्ट आवळल्यामुळे स्क्रू पुरताच आत घुसला. निळ्या फ्यूजने चार वेळा मरून जे सांगितले ते आम्ही ऐकले नाही. मग हिरवा आणून त्याचे तोंडच बंद केले.

चहा घेताना गल्लीतील घरोघरच्या फ्यूजची गोष्ट निघाली. चिनी मातीचा तो पांढरा किटकॅट आपल्या खेड्यांत अजून पुष्कळ घरी आहे. त्यातील बारीक तार गेली की रात्रीच्या वेळी कोणी दुकानात जात नाही; पंपाच्या वायरीतील तांब्याचे चार तंतू पिळून भरतात आणि वर म्हणतात, ‘आता वर्षभर बघायला नको!’ आप्पांनी सांगितले की लूमच्या खात्यांतही त्यांनी हे केलेले पाहिले आहे, आणि एकदा एका खात्यात कापसाच्या पुंजक्यांनी पेट घेतलेलाही पाहिला आहे. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागून शिकवणीला आलेली २२ मुले गेली, तेव्हापासून, आप्पा म्हणाले, त्यांच्या गल्लीत वायर जळाल्याचा वास आला की बायका आधी पोरांना बाहेर काढतात, मग मेन बंद करतात. त्या वेळी आम्हांस बांधावर बसविलेली ती म्हातारी आठवली.

दुरुस्त झालेली वायर टेपात गुंडाळून, रबरी नळीतून ओवून पट्टीपासून दूर बांधली गेली. पुन्हा पिवळा फ्यूज, पुन्हा बटण. दिवे लागले. समोरच्या खात्याची भिंत दुपारीसुद्धा उजळली. आम्ही पैशाचे पाकीट काढले. आप्पा म्हणाले, ‘थांबा. १०० वॉट कशाला हवेत ते सांगा.’

आम्ही बैलगाडीची हकीकत सांगितली.

‘आणि यांनी गाडी दिसली का?’

आम्ही विचार करू लागलो. गेल्या हिवाळ्यातील फेऱ्या आठवून पाहिल्या. खरे सांगावयाचे तर दिव्यांचा जोर वाढला तसे समोरचे धुकेच अधिक पांढरे झाले होते. दुधाच्या भिंतीवर झोत टाकावा तसे. आम्ही त्याला प्रकाश समजत होतो.

यात आश्चर्य नाही. धुके म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. जेवढा उजेड त्यांवर टाकावा तेवढा ते उलट आपल्याच डोळ्यांत फेकतात. म्हणून धुक्याचा दिवा जोरदार असण्यापेक्षा खाली असावा लागतो, बंपरच्याही खाली असला तर बरा. त्याचा झोत रुंद, चपटा, आणि वरून कापल्यासारखा हवा, म्हणजे तो रस्त्याच्या कडा दाखवितो व धुक्याच्या पोटात शिरत नाही. पिवळा रंग धुके भेदून जातो असे पुष्कळ लोक समजतात. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३पर्यंत मोटारींना पिवळे दिवे लावण्याची सक्तीच होती. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते रंगारंगांत भेद करीत नाहीत. पिवळ्याने डोळ्यांना थोडे सौम्य वाटते, एवढाच काय तो लाभ. शिवाय समोरून येणाऱ्याचाही विचार हवा. पुढील दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत, असे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सांगितले आहे. आप्पांनी नियम वाचलेला नव्हता. ते एवढेच म्हणाले, ‘तुमच्या दिव्यानं बैल बुजले तर तो गाडीवान काय करणार?’

मग तेथेच १०० वॉटचे बल्ब निघाले आणि ५५चे परत आले. वायर मात्र नवी जाडच राहिली, फ्यूज पुन्हा १५चा निळा. दिव्यांची तोंडे आप्पांनी भिंतीवर खडूची रेघ मारून खाली वळविली. वायर आणि रिले यांचे पैसे त्यांनी घेतले. हाताचे पैसे घेतले नाहीत. मोठे बल्ब नातवाने मागून घेतले. त्यांचे तो काय करणार हे विचारावयाचे आम्ही विसरलो, आणि घरी आल्यावर त्याची थोडी काळजीही वाटली.

त्यानंतर धुक्यात दोनदा जाणे झाले. मढीपाशी आता आम्ही सायकलच्या वेगाने जातो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवितात, वाजवोत. डॅशबोर्डच्या कप्प्यात पाच निळे फ्यूज, एक पाना, आणि लाल चकाकणाऱ्या पट्टीची एक गुंडाळी असते. वाटेत उसाची गाडी थांबलेली दिसली की वीतभर पट्टी कापून तिच्या मागच्या फळीवर चिकटवितो. गाडीवान प्रथम संशयाने पाहतात. नंतर स्वतःच दुसऱ्या बाजूसाठीही एक तुकडा मागून घेतात.

म्हातारीचे डोळे आता उत्तम झाले आहेत. परवा त्यांच्या गावी गेलो असता ती अंगणात तांदूळ निवडीत बसली होती. आमची गाडी थांबताच उठून आली, बॉनेटपाशी वाकली, आणि चांगले दोन-तीनदा हुंगून मग म्हणाली, ‘या फादर, चहा टाकते.’